साडीच्या दुकानाच्या साईटला डार्क मोड द्यायचा का नको? काका एक म्हणतात, पोरगा एक

वडगावचा_वेबवाला:

नमस्कार मंडळी. बेळगावच्या शहापूरला ओळखीच्या एका काकांचं साड्यांचं दुकान आहे, इरकल, सिल्क, थोड्या पैठण्या असा माल, आणि त्यांची साईट मी करायलोय. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत. गिऱ्हाईक बेळगावचं कमी आणि बाहेरचं जास्त, पुणं, हुबळी, गोवा, सगळे फोनवरच बघणारे. साईट होत आलीय पण आता एका गोष्टीवर घोडं अडलंय. काकांचा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो डार्क मोड, म्हणजे काळं पान आणि फिकी अक्षरं, पायजेच, नाहीतर साईट जुनाट वाटते. काका म्हणतात काळ्या पानावर साडी दाखवणार काय, मग दुकानात एवढ्या ट्यूबलाईटी कशाला लावल्यात मी? दोघंही निकाल माझ्याकडनं मागायलेत आणि बिल काका देणार आहेत हेही ध्यानात घ्या.

मी नुसतं बघावं म्हणून पान काळंकुट्ट केलं आणि अक्षरं पांढरीशुभ्र. एक तर चंद्रकळा गायब. तिचा फोटो मागचं काढून टाकून कापून घेतलेला होता, त्यामुळं काळ्यावर काळं, फक्त काठ आणि पदर हवेत तरंगल्यासारखे दिसायलेत. बाकीच्या साड्यांचे फोटो पांढऱ्या पडद्यापुढं काढलेले, ते रात्री बघितलं तर डोळ्यात टॉर्च मारल्यासारखे येतात. आणि दुकानाचं नाव मरून रंगात आहे ते तर वाचताच येईना.

त्याहून वेगळीच गंमत म्हणजे, साईटला डार्क मोड दिलेला नसतानाच लिंक घरच्या ग्रुपवर टाकली होती, तर गोव्याच्या आत्यानं फोन करून विचारलं, अरे नाव मोतिया लिहिलंयस आणि शेजारचा गोल तपकिरी का रे? तिनं स्क्रीनशॉट पाठवला तर खरंच. साडीचा फोटो बरोबर होता पण खाली रंग निवडायला जे छोटे गोल दिलेत त्यातले फिके सगळे, मोतिया, अबोली, पिस्ता, गडद होऊन बसलेले. माझ्या फोनवर असलं काही होत नाही.

तर सांगा, द्यायचा का नको, द्यायचा तर कसा, आणि डोळ्यांना बरा, बॅटरी वाचते असं जे सगळे म्हणतात ते कितपत खरं.

निपाणीचा_पक्या:

भावा आधी आत्याचं बघू, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच हाय. तू डार्क मोड दिला नाहीस तरी लोकांचे फोन देतात की. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये साईटी जबरदस्तीनं काळ्या करायचं सेटिंग हाय, बाकीच्याही काही ब्राऊजरात असतंय. ते सेटिंग चालू असलं की ब्राऊजर तुझी सीएसएस, म्हणजे साईटच्या रंगरूपाचा कोड, वाचतो, फिकी बॅकग्राऊंड दिसली की गडद करतो, गडद अक्षरं दिसली की फिकी करतो, फोटोला मात्र शक्यतो हात लावत नाही. तुझे गोल सीएसएसच्या बॅकग्राऊंड कलरनं केलेले असणार, म्हणजे ब्राऊजरच्या लेखी ती नुसती फिकी बॅकग्राऊंड. त्याला काय माहीत तो रंग म्हणजे विकायचा माल हाय. म्हणून साडी बरोबर आणि गोल चुकीचा.

म्हणजे द्यायचा का नको हा प्रश्नच नाही उरत बघ. तू नाही केलास तर कोणीतरी तुझ्या वतीनं करणार, आणि ते करणारं मशीन असणार, त्याला मोतिया आणि तपकिरीतला फरक कळत नाही. त्यापेक्षा आपल्या हातानं कर.

कसं ते सांगतो. फोनवाल्यानं कुठलं मोड लावलंय ते साईटला कळायला प्रिफर्स-कलर-स्कीम नावाची मीडिया क्वेरी, म्हणजे सीएसएसमधली एक अट, हाय, २०१९ सालापासनं सफारी, फायरफॉक्स, क्रोम तिन्हीत चालते. त्याच वर्षी आयफोनला आयओएस १३ आणि अँड्रॉइड १० मध्ये सगळ्या फोनचं डार्क मोड आलं, तवापासनं हे खूळ वाढलं. तर सगळे रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या कप्प्यांत, घे, पानाचा रंग, अक्षराचा, रेघेचा, बटणाचा, आणि ते फक्त दोन ठिकाणी लिही, एकदा उजेडाचे एकदा अंधाराचे. आता तर लाईट-डार्क नावाचं फंक्शनच आलंय सीएसएसमध्ये, २०२४ पासनं सगळ्या मोठ्या ब्राऊजरात हाय, एका ओळीत दोन्ही रंग लिहिता येतात. पण जुने फोन वापरणारं गिऱ्हाईक असलं तर मीडिया क्वेरीच बरी. मुळाशी कलर-स्कीम मध्ये लाईट डार्क दोन्ही लिहायला विसरू नको, त्यानं स्क्रोलबार, फॉर्मचे डबे, ड्रॉपडाऊन हे ब्राऊजरच्या घरचं सामान पण बदलतंय, आणि साईटनं स्वतःची सोय केलीय म्हटल्यावर क्रोम आपली जबरदस्ती मागं घेतंय. रंगाच्या गोलांवर मात्र कलर-स्कीम ओन्ली लाईट अशी वेगळी ओळ टाकून ठेव, आत्याचा फोन परत नको यायला.

काळाकुट्ट पण करू नको. पांढऱ्यावर काळं म्हणजे कॉन्ट्रास्ट (दोन रंगांच्या उजळपणातला फरक) २१ ला १, उलटं केलं तरी तेवढंच, पण अंधारात पांढरी अक्षरं लई टोचतात. गुगलच्या मटेरियल डिझाईनमध्ये काळ्याच्या जागी हॅश १२१२१२ या कोडचा करडा-काळा सांगितलाय, तिथनं सुरू कर आणि अक्षरं दुधाळ ठेव. कार्डाखाली सावली देतोस ती डार्कमध्ये दिसतच नाही, त्याऐवजी वरचं कार्ड मागच्यापेक्षा थोडं उजळ करायचं.

मरूनचं मी गणित करून बघितलं. हॅश ८००००० धरला तर पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट जवळपास ११ ला १ येतोय, एकदम झकास. तोच १२१२१२ वर ठेवला तर १.७ ला १. साध्या मजकुराला नियमानं निदान ४.५ लागतोय, मोठ्या ठळक अक्षराला ३. म्हणजे दिसणारच नाही ते. तेव्हा डार्कसाठी नावाचा रंग वेगळा, मरूनच्याच घरातला पण फिका, गुलाबीकडं झुकणारा घे. काकांना सांग पाटी तीच हाय, रात्रीची लाईट लावलीय फक्त.

चष्म्याच्या_काउंटरवरून:

मी खानापूरला चष्म्याच्या दुकानात असते, डॉक्टर नाही, पण डोळ्यांचं बोलणं निघालं म्हणून लिहिते. डार्क मोड डोळ्यांना चांगला असं सरसकट म्हणता येत नाही ओ. बाहुलीचा खेळ आहे सगळा. समोर उजेड असला की बाहुली लहान होते आणि बाहुली लहान असली की नजर जास्त रेखीव बसते. स्क्रीन काळी असली की बाहुली पसरते, मग भिंगाचे बारीकसारीक दोष दिसायला लागतात. ज्यांना तिरका नंबर आहे, म्हणजे सिलिंड्रिकल, त्यांच्यातले पुष्कळजण सांगतात की काळ्यावर पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात, कडेला धूसर वलय येतं. २०१३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठातल्या लोकांनी तरुण आणि वयस्कर दोघांनाही वाचायला लावून बघितलं होतं, तर उजेडावरची काळी अक्षरं दोघांनाही जास्त नीट वाचता आली.

पण उलटंही आहे. मोतीबिंदूसारखं डोळ्याच्या आतच धुरकट झालेलं असलं की पांढऱ्या स्क्रीनचा उजेड आत पसरतो आणि सगळं भगभगीत दिसतं, त्यांना काळी स्क्रीन सुखाची वाटते. काहींना डोकेदुखीत उजेड सहन होत नाही. आमच्याकडं येणाऱ्या आज्या फोन पुढं धरून म्हणतात बाई हे काळं झालंय ते पांढरं करून दे, आणि त्यांचीच नात म्हणते माझं काळं कर. त्यामुळं बटण द्या आणि ठरवू दे ज्याचं त्याला. फक्त ते बटण नुसती चंद्रकोर काढून कोपऱ्यात ठेवू नका, आज्यांना त्यात काही कळत नाही, शेजारी शब्द लिहा.

उद्यमबाग_निवृत्त:

पोरांनो हे तुमचं डार्क मोड आम्ही नोकरीला लागलो तेव्हापासून बघतोय. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, दुसरा रंगच नव्हता. मग पांढरी खिडकी आली तेव्हा साहेब लोक म्हणाले वा कागदासारखं दिसतंय. आता परत काळं. असो.

बॅटरीचं मात्र मला पटतं. परवा पावसात लाईट गेली ती रात्रभर आलीच नाही, फोन काळा करून ठेवला तर सकाळपर्यंत पुरला. तेव्हा द्या डार्क मोड, आमच्या भागात उपयोगाचा आहे.

निपाणीचा_पक्या:

@उद्यमबाग_निवृत्त काका, ते पडद्यावर हाय. ओएलईडी पडदा असला तर प्रत्येक ठिपका स्वतः पेटतोय, काळा म्हणजे विझलेला, तिथं वाचतंय. साध्या एलसीडीत मागं एक मोठी लाईट कायम चालू असते, पान काळं असो पांढरं असो, तिथं डार्क मोडनं म्हणण्यासारखं काही वाचत नाही. आणि ओएलईडीत पण ब्राईटनेसवर आहे सगळं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं २०२१ साली मोजून बघितलं, ब्राईटनेस ३० ते ५० टक्के असताना लाईटवरनं डार्कला गेलं तर सरासरी ३ ते ९ टक्केच वाचलं, आणि पूर्ण १०० टक्के ब्राईटनेसला ३९ ते ४७. म्हणजे भर उन्हात गणपत गल्लीत उभं राहून फोन बघताना वाचेल, रात्री अंथरुणात ब्राईटनेस कमी करून बघणाऱ्याला फार नाही. तुमचा फोन सकाळपर्यंत पुरला तो तुम्ही झोपलात म्हणून असंल 😄

उद्यमबाग_निवृत्त:

झोपलो नव्हतो. डास होते.

टिळकवाडी_फोटो:

लग्नाचे आणि प्रॉडक्टचे फोटो काढतो, म्हणून फक्त फोटोबद्दल बोलतो. काकांचं म्हणणं पोरगा हसण्यावारी नेत असेल तर त्याला सांगा, काका बरोबर आहेत. रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजारी काय आहे त्यावर दिसतो. तीच डाळिंबी साडी पांढऱ्या पानावर ठेवली तर गर्द दिसते आणि काळ्यावर ठेवली तर पेटल्यासारखी उजळ. पिक्सेलमध्ये रंग एकच, पण बाईंनी रात्री काळ्या पानावर बघून ऑर्डर दिली आणि दिवसा घरी पार्सल उघडलं तर म्हणणार हा रंग नव्हता दाखवला. साडी परत येणार आणि कुरिअरचा खर्च काकांच्या अंगावर.

त्यामुळं मी काय करीन, पान खुशाल काळं होऊ द्या, पण साडीचा फोटो ज्या चौकटीत बसतो ती चौकट दोन्ही मोडमध्ये एकच ठेवीन. पांढरी नको, फिकी करडी, ज्यात निळसर पिवळसर कसलीच झाक नाही अशी. म्हणजे उजेडात ती पानात मिसळून जाते आणि अंधारात टॉर्चसारखी डोळ्यात येत नाही, आणि साडीच्या आजूबाजूला काय आहे ते दोन्हीकडं सारखंच राहतं. फोटोवर डार्कमध्ये ब्राईटनेस कमी करायचा फिल्टर टाकायची पद्धत आहे, बातम्यांच्या साईटला ठीक आहे ते, कापडाला अजिबात टाकू नका.

चंद्रकळेचा फोटो मात्र परतच काढायला लागेल. मागचं कापून टाकलेलं पीएनजी वापरूच नका तिला. फिकट करड्या पडद्यापुढं घ्या आणि एका बाजूनं तिरका उजेड सोडा, म्हणजे चुण्यांच्या कडेला चमक येते आणि काळ्यातला पोत दिसतो. समोरून फ्लॅश मारला तर काळं कापड सपाट दिसतं, सिल्क आहे का सुती ते पण कळत नाही. आणि इरकलचा पदर उलगडून एक वेगळा क्लोजअप घ्या, लोक तोच मोठा करून बघतात. रंगाचे जे गोल म्हणताय तिथं पण सपाट रंगाऐवजी त्याच साडीच्या विणीचा छोटा फोटो टाकला तर काय वाईट? धागा दिसतो, दोन रंगांच्या धुपछाँव साडीला तर एक सपाट रंग देताच येत नाही, ताणा एक आणि बाणा एक.

आणि एक, रात्री पुष्कळांच्या फोनला तो पिवळसर फिल्टर आपोआप लागतो. त्यावर तुमचा काही इलाज नाही. ऑर्डरच्या बटणाजवळ एक ओळ लिहा, रंग दिवसाउजेडी आणि फिल्टर बंद करून बघा, नाहीतर व्हॉट्सॲपवर व्हिडिओ मागवा.

अक्षरजुळणी:

सगळे रंगावरच बोलायलेत, अक्षराचं कोणी काढेना म्हणून मी. डार्क मोडचे सगळे सल्ले इंग्रजी अक्षरं समोर ठेवून लिहिलेले असतात. गडद पानावर उजळ अक्षर असलं की ते आहे त्यापेक्षा जाड दिसतं. इंग्रजीत त्यानं फार बिघडत नाही पण आपल्याकडं ष्ट, द्ध, क्ष, ह्य अशा जोडाक्षरांतल्या पोकळ्या आधीच चिमटीएवढ्या, त्या भरून जातात आणि वरून शिरोरेषा जाड होऊन अनुस्वार आणि वेलांटीला चिकटते. कन्नडचं वेगळंच, तिथं शिरोरेषेची भानगड नाही पण अक्षरं गोल आणि ओत्तक्षर, म्हणजे जोडलेलं अक्षर, खाली लोंबतं, ओळीतलं अंतर कमी असलं की खालच्या ओळीच्या डोक्यावर येऊन बसतं. दोन्ही भाषा एकाच पानावर आहेत तर ओळीचं अंतर कन्नडच्या हिशेबानं धरा, मराठीला ते थोडं मोकळं वाटेल, चालतंय.

जाडीचं असं करा, उजेडात वजन ४०० असेल तर अंधारात ३५० च्या आसपास आणा. त्यासाठी व्हेरिएबल फॉन्ट पायजे. ‘एक टाईप’ या फॉन्टवाल्यांचा ‘अनेक’ नावाचा फॉन्ट बघा, फुकट आहे, देवनागरी, कन्नड, लॅटिन तिन्ही एकाच घराण्यातले म्हणून शेजारी शेजारी परके वाटत नाहीत, आणि वजन हवं तेवढं कमी जास्त करता येतं. नोटो सान्सचे देवनागरी आणि कन्नड पण चालतील, थोडे रुक्ष दिसतात इतकंच. आणि डार्क आहे म्हणून २०० च्या नाजूक वजनाला जाऊ नका, पोस्टरवर छान दिसतं, साध्या फोनवर किमतीचे आकडे पण दिसत नाहीत त्यात.

आणि किंमत करड्या रंगात बारीक लिहायची फॅशन आहे ना, ती डार्कमध्ये आधी मरते. दुकान आहे, किंमत ठळक दिसू दे की.

वडगावचा_वेबवाला:

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. आज बसून एवढं केलं: रंग सगळे व्हेरिएबलमध्ये काढले, पान १२१२१२, नावाला फिका लाल दिला तो कॉन्ट्रास्टमध्ये ६ च्या वर येतोय. फोटोची चौकट फिकी करडी, दोन्हीकडं तीच. गोलांच्या जागी विणीचे फोटो टाकायचे ठरवलंय, ते काढून होईपर्यंत ओन्ली लाईट टाकून ठेवलंय, आत्याकडनं तपासून घेतलं, मोतिया मोतियाच दिसायलाय. बटणाला तीन पर्याय ठेवलेत, फोनप्रमाणे, उजेड, अंधार, शब्दांत लिहून, तिन्ही भाषांत.

काकांना दाखवलं तर म्हणाले चौकट ठीक आहे, पण पहिल्यांदा साईट उघडली की उजेडच दिसला पायजे, मग ज्याला काय करायचं ते करू दे. पोरगा म्हणतो ज्याचा फोन डार्कवर आहे त्याला डार्कच उघडलं पायजे. परत तेच भांडण. मला पोराचं पटतं, कारण रात्री ११ ला अंथरुणात पडून बघणारीच्या तोंडावर पांढरं पान कशाला फेकायचं. पण काका काही ऐकेनात, चेक त्यांच्या खिशात आहे.

आणि एक अडचण उरलीय, अंधार निवडून पुढच्या पानावर गेलं की क्षणभर पांढरं चमकतं आणि मग काळं होतं. ते कसं घालवू?

निपाणीचा_पक्या:

निवड लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राऊजरच्या साठवणीत, ठेवतोयस पण वाचतोयस उशिरा, स्क्रिप्ट पानाच्या शेवटी असणार तुझी. ती दोन-तीन ओळींची छोटी स्क्रिप्ट वर हेडमध्येच, म्हणजे पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात, टाक, सीएसएसच्या पण आधी, वेगळी फाईल नको, थेट पानात. पान रंगवायच्या आधीच एचटीएमएल टॅगवर मोड लागला पायजे, मग चमकत नाही. थीम-कलरचा मेटा टॅग पण दोनदा लिही, एकाला लाईटची मीडिया आणि एकाला डार्कची, नाहीतर पान काळं आणि वरची ब्राऊजरची पट्टी मरून असं ध्यान दिसतंय. बटणानं बदललं तर तो टॅग पण स्क्रिप्टमधनं बदलायला लागतोय, ते आपोआप होत नाही.

काकांचं असं कर. घरचं पान उजेडातच उघडू दे त्यांच्या समाधानाला, तिथं नाहीतरी दुकानाचा फोटो आणि पत्ताच असणार. साड्यांच्या यादीपासनं पुढं फोनप्रमाणे.

टिळकवाडी_फोटो:

@निपाणीचा_पक्या मग घरच्या पानावरनं यादीत जाताना पांढऱ्याचं काळं होणारच की, आत्ताच तर चमक घालवायला सांगितलंस त्याला.

निपाणीचा_पक्या:

व्हय, ते पण खरं. मग काकांच्याच फोनला डार्क मोड लावून दे चार दिवस, नको म्हणाले तर काढू.

वडगावचा_वेबवाला:

काकांचा फोन बटणाचा आहे ओ 😀 स्क्रिप्ट हेडमध्ये टाकली, चमक गेली. बाकी बिल मिळालं की सांगतो.